मांजर गेल्यावर: पहिल्या दिवसाची कामं, माती, दहन, ठसे आणि तिची आठवण नीट जपणं

अंगणवेल | ७ जून, सकाळी १०:१२

घरातलं मांजर गेलं की काय करावं हे त्या क्षणी कुणालाच सुचत नाही. मग घाईत चुकीच्या जागी खड्डा खणला जातो, पंजाचा ठसा घ्यायचा राहतो, आणि राखेची चौकशी करायला फोन केला तर ती मिळणार नसते. म्हणून एकाच ठिकाणी खात्रीची माहिती जमवायला हा धागा काढते आहे. प्रत्येकाने आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेवढंच, मापं आणि कारणांसह लिहावं ही विनंती. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात मीच करते. कामांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात पुन्हा कधीच करता येणार नाहीत अशी कामं: शरीर नीट ठेवणं, पंजाचा ठसा, थोडे केस, गळ्यातला पट्टा काढून घेणं, माती की दहन हे ठरवणं. हे सगळं पहिल्या काही तासांत. दुसऱ्या ढिगात बाकीचं सगळं: दगड, झाड, फोटोंची चौकट, कुणाला काय द्यायचं. यातलं एकही काम त्या आठवड्यात करायची गरज नाही. लोक बहुधा नेमकं उलटं करतात. त्याच दिवशी रोपवाटिकेत जाऊन रोप आणतात आणि ठसा राहून जातो.

---

पशुवैद्य_देशावरचा | ७ जून, सकाळी ११:४०

चांगला विषय. पहिल्या तासांबद्दल लिहितो.

आधी खात्री. छातीची हालचाल थांबल्यावरही अधूनमधून एखादा मोठा आचका येतो किंवा अंगाला हलका थरकाप होतो. ते परत येणं नव्हे. डाव्या कोपराच्या मागे छातीवर दोन बोटं ठेवून पूर्ण दोन मिनिटं ठोका शोधा. डोळ्याच्या बुबुळाला ओल्या कापसाने अलगद स्पर्श केल्यावर पापणी हलत नसेल आणि बाहुली मोठी होऊन तशीच राहिली असेल, तर गेली. तरी मनात किंतु असेल तर दवाखान्यात न्या. दहनासाठी डॉक्टरांचं पत्र बहुतेक ठिकाणी लागतंच.

मांजरांचे डोळे बहुधा उघडेच राहतात. मिटवायचा प्रयत्न केला तरी पुन्हा उघडतात. तिला त्रास झाला होता म्हणून ते उघडे राहिले असा अर्थ अजिबात नाही, आणि हे घरच्यांना आवर्जून सांगा. मूत्राशय आणि आतडी सैल पडतात म्हणून खाली जुना टॉवेल, त्याखाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या ठेवा.

अंग साधारण दोन ते चार तासांत ताठर व्हायला लागतं, बाराएक तासांत पूर्ण ताठतं, आणि दिवस-दीड दिवसात पुन्हा सैल पडतं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. म्हणून पहिल्या तासातच तिला झोपायची तशी गुंडाळी करून ठेवा: मागचे पाय पोटाशी, पुढचे हनुवटीखाली, शेपूट भोवती. एकदा ताठरल्यावर पाय जबरदस्तीने वाकवू नका.

गारव्यासाठी बर्फ थेट अंगावर नको. केस भिजतात आणि कुजणं उलट लवकर सुरू होतं. गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटापाशी आणि पाठीशी ठेवा, कारण कुजणं पोटापासून सुरू होतं. मे महिन्यात पंख्याखाली चार-सहा तासांपलीकडे ठेवू नये. फ्रिजच्या तापमानाला एक दिवस चालतं. काही दवाखाने तशी सोय करतात, विचारून पहा.

---

सांजवात | ७ जून, दुपारी १२:०५

फार उपयोगी लिहिलंत डॉक्टर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावं? गच्चीतल्या मोठ्या कुंडीत पुरलं तर चालतं का, असं बरेच जण विचारतात.

---

वाडीवरचा | ७ जून, दुपारी १:३०

सांजवात ताई, कुंडीत नको. चार किलोच्या मांजराभोवती सगळ्या बाजूंनी फूटभर आणि वर तीन फूट माती हवी. एवढी कुंडी कुठल्याच गच्चीला पेलणारी नाही. कमी मातीत खालून पाणी झिरपतं, माश्या होतात, वास येतो, आणि आठ दिवसांनी ते पुन्हा बाहेर काढायची वेळ येते. ती वेळ कुणावर येऊ नये. फ्लॅटवाल्यांसाठी दहन, किंवा गावाकडे स्वतःच्या मालकीची जागा असेल तर तिथे माती. टेकडीवर, सार्वजनिक बागेत, नदीकाठी गुपचूप पुरणं कायद्याने चूक, आणि तिथली कुत्री रात्रीत उकरतात.

आता खड्डा. लांबी २ फूट, रुंदी दीड फूट, खोली साडेतीन फूट, म्हणजे शरीरावर तीन फूट माती येते. दोन फुटांवर पुरलेलं कोल्हा, मुंगूस, कुत्रा यांना वासाने कळतं. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून किमान शंभर फूट लांब, आणि उताराच्या खालच्या बाजूला. नळाची, ड्रेनेजची, विजेची लाईन कुठून गेली आहे ते आधी विचारा.

कोकणात दोन अडचणी. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, फूटभर मातीखाली जांभा लागतो. तिथे टिकाव चालत नाही, पहार लागते आणि तीन फुटांना दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा परसात केळी-माडांकडची साठलेली माती निवडा, फक्त माडाच्या आळ्यात नको, मुळं तुटतात. दुसरी अडचण पावसाची. आषाढात पाणी पार वर आलेलं असतं. खड्डा खणून अर्धा तास थांबा. तळाला पाणी साचायला लागलं तर ती जागा सोडा. पाण्यात पुरलेलं शरीर नीट कुजत नाही, फुगतं, आणि वरची माती उचलते.

गुंडाळायला जुनं सुती धोतर, साडी, पंचा. पॉलिएस्टरचं पांघरूण नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. हवा-पाणी अडलं की वर्षानुवर्षं आत तसंच राहतं. बांबूची टोपली उत्तम. प्लायवूडची पेटी नको.

शरीर ठेवल्यावर फूटभर माती, ती पायाने हलकी दाबून घ्या. मग शहाबादी फरशीचे दोन तुकडे किंवा चपटे दगड आडवे, मग उरलेली माती, आणि वर बोरीची काटेरी फांदी पंधरा दिवस. माती वर नऊ इंच उंचवटा करून ठेवा, पहिल्या पावसाळ्यात ती खचतेच. सपाट केली तर खळगा पडून त्यात पाणी साचतं.

---

काळी_माती | ७ जून, दुपारी ३:१८

विदर्भ-मराठवाड्यासाठी भर घालतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या दोन-तीन फूट खोल जातात. मार्चमध्ये पुरलं तर मे महिन्यात भेगेतून वास येऊ शकतो. भरताना काळी माती आणि मुरूम निम्मे-निम्मे मिसळा, वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या आणि उन्हाळाभर आठवड्याला एक बादली पाणी. मुरूम नसेल तर वाळू.

आणि मिठाचं काय? आमच्याकडे खड्ड्यात दोन-तीन किलो खडे मीठ टाकतातच.

---

वाडीवरचा | ७ जून, दुपारी ३:५५

मीठ मुळात कुजणं थांबवतं. लोणच्यात घालतो ते त्याचसाठी. शिवाय ती जागा पुढे दोन-चार वर्षं नापीक होते. वर पारिजातक लावायचा असेल तर मीठ टाकूच नका. रीत म्हणून घरातल्या मोठ्यांना हवंच असेल तर चिमूटभर वाहा, किलो-किलो नको.

चुन्याचंही तेच. चुन्याने लवकर विरघळतं हा गैरसमज आहे. चुना वास आणि माश्या कमी करतो, पण शरीराभोवती कडक कवच धरतो आणि कुजणं लांबवतो. तीन फूट माती असेल तर दोन्हींची गरज पडत नाही.

---

पशुवैद्य_देशावरचा | ७ जून, संध्याकाळी ५:०२

वाडीवरचा यांना पूर्ण अनुमोदन. एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली.

दवाखान्यात इंजेक्शन देऊन कायमचं शांत केलं असेल तर ते औषध शरीरात टिकून राहतं. पेंटोबार्बिटल तर मातीतही बराच काळ टिकतं. असं शरीर कुत्र्याने, घारीने, कावळ्याने खाल्लं तर तेही मरू शकतात. अशा वेळी खोलीत तडजोड नाही. शक्य असेल तर दहनच करा.

रेबीजचा संशय असेल (अचानक चावरेपणा, लाळ, आवाज बदलणं, चालताना झोकांड्या) तर उघड्या हाताने शरीराला हात लावू नका. ठसा, केस, काही नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. चावा किंवा ओरखडा असलेल्या प्रत्येकाने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

---

दादरकर_ | ७ जून, रात्री ८:४७

दहनाबद्दल.

मुंबईत महापालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये मालाडला कोंडवाड्याच्या आवारात लहान प्राण्यांसाठी पीएनजीवर (नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर) चालणारी दाहिनी सुरू केली. इतर मोठ्या शहरांत पालिकेची किंवा खासगी सोय असते. वेळा आणि कागदपत्रं बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कराच. डॉक्टरांचं पत्र, स्वतःचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.

विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. दहन एकट्याचं की एकत्र? एकत्र असेल तर राख मागू नका, ती तिची नसते. एका भट्टीत विटांच्या आडोशाने वेगळं ठेवून करतात तेव्हा थोडी सरमिसळ होतेच. ‘एकट्याचं’ याचा नेमका अर्थ काय ते स्पष्ट विचारा. शरीरासोबत नंबर कोरलेला स्टीलचा बिल्ला आत जातो का? समोर उभं राहता येईल का? राख कधी मिळेल?

आत काय ठेवू नये: घुंगरू, पट्टा, प्लास्टिकचं खेळणं, पॉलिएस्टर. सुती कापड, फुलं, कागदावर लिहिलेलं चालतं.

राख किती मिळते याची कल्पना नसल्याने लोक मोठे कलश आणतात. चार किलोच्या मांजराची राख साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका कपाएवढी. पाव लिटरचा झाकणाचा पितळी गडू पुरतो. राख आधी छोट्या झिपच्या पिशवीत, मग गडूत. पावसाळ्यात दमट हवेने ती गोळा होते. रंग करडा-पांढरा आणि पोत जाडसर असतो, कारण ती मुख्यतः हाडांची असते. चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, हे आधी माहीत असलेलं बरं.

---

शाडूची_मूर्ती | ८ जून, सकाळी ९:२०

ठशांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

*कागदावरचा ठसा.* रंग कुठला हा पहिला प्रश्न. हळद किंवा कुंकू वापरावंसं वाटतं, पण हळदीचा रंग उजेडात उडतो. भिंतीवर लावलेला ठसा वर्षभरात फिका पडतो. हळदीपासून केलेल्या कुंकवाचं तसंच होतं. गेरू घ्या. ती लोहाची माती आहे, उन्हाने उडत नाही. गेरू एक चमचा, पाणी पाऊण चमचा, डिंकाचं पाणी चार-पाच थेंब. दाटपणा लोण्यासारखा हवा. पातळ झाला की गाद्यांमधल्या केसांत ओघळतो आणि ठशाचा डाग होतो.

बोटांच्या गाद्यांमधले केस आधी लहान कात्रीने कापा. पंजा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. रंग स्पंजने टिपा, ब्रशने फासू नका. पंजा कागदावर आपटायचा नाही. हाताच्या तळव्यावर मऊ घडी, तिच्यावर कागद, आणि तो कागद पंजापर्यंत न्यायचा. मधली मोठी गादी आणि चार बोटं एका पातळीत नसतात, मऊ घडीमुळे पाचही उमटतात. एकदा रंग लावून तीन-चार ठसे घ्या. पहिला बरबटतो, तिसरा-चौथा सगळ्यात सुरेख येतो. असे दोन-तीन वेळा करून दहाएक ठसे घ्या. चांगला ठसा तीन-साडेतीन सेंटिमीटरचा असतो, आणि मोठ्या गादीची मागची कड तीन खणांची दिसते. तीन खण मोजता आले की ठसा जमला.

कागद जाड, आम्लरहित घ्या. चित्रकलेच्या दुकानात मिळतो. चौकटीत काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची कड) हवा. टेकली तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो.

*उठावाचा ठसा.* शाडू नीट मळून दोन सेंटिमीटर जाडीची चकती करा आणि पंजा एक सेंटिमीटर सरळ दाबून सरळ उचला. हा खोलगट साचा झाला. भोवती पुठ्ठ्याची कड लावा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. प्रमाण दोन वाट्या पावडर, एक वाटी पाणी. पावडर पाण्यात भुरभुरायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही, गाठी होतात. दोन मिनिटं भिजू द्या, हळू ढवळा, एका कडेने ओता, पाट खालून ठोका म्हणजे बुडबुडे वर येतात. अर्ध्या तासात धरतं, तासाभराने साचा सोडवा. रंगवण्याआधी चार दिवस वाळवा, पावसाळ्यात दहा दिवस. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाईप कायमचा बुजतो.

नुसत्या शाडूतच ठसा ठेवायचा असेल तर मळताना कागदाचा लगदा किंवा कापसाचे धागे घाला आणि ओल्या फडक्याखाली सावलीत सावकाश वाळवा. शाडू आकसतो, भराभर वाळवला की नेमकी बोटांमधून चीर जाते.

म्हाताऱ्या किंवा आजारी, पण जिवंत मांजराचा ठसा घ्यायचा असेल तर पंजा ओल्या प्लास्टरमध्ये कधीही घालू नका. धरताना ते इतकं तापतं की कातडी भाजते. शाडू किंवा गेरू वापरा, आणि चाटायच्या आत कोमट पाण्याने पंजा धुवा.

मैदा-मिठाचा ठसा सोपा म्हणून सांगतात. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत तो टिकत नाही. मीठ पाणी ओढतं, पहिल्याच जुलैत मऊ पडतो आणि बुरशी धरते.

---

सांजवात | ८ जून, सकाळी ९:५२

गेरूचं सुचलंच नव्हतं कधी. मनापासून आभार शाडूदादा. ताठर झाल्यावर ठसा येतो का?

शाडूची_मूर्ती | ८ जून, सकाळी १०:१०

कागदावरचा येतो, कारण कागद पंजाकडे न्यायचा आहे. शाडूतला नीट येत नाही, पंजा सरळ दाबता येत नाही. आणि फार उशीर झाला तर गाद्या सुकून कड पुसट उमटते.

---

लोकरवाली_मावशी | ८ जून, दुपारी २:३०

केसांबद्दल. कापलेले केस बोथट दिसतात. विंचरून निघालेले चांगले, त्यांना मूळची निमुळती टोकं असतात. हयात असतानाच दर आठवड्याला फणीतले केस कागदी पाकिटात जमवत गेलं तर सगळ्यात उत्तम. शेवटच्या दिवशी घ्यायचे तर पाठ, पोट आणि शेपूट असे तीन वेगवेगळे झुबके घ्या, तिन्हींचा रंग आणि मऊपणा वेगळा असतो.

धुताना कोमट पाणी, दोन थेंब सौम्य शाम्पू, चोळायचं नाही, नाहीतर गोळा होतो. गाळण्यात ठेवूनच निथळा, सावलीत वाळवा. मग घट्ट पिशवीत फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा म्हणजे कसरीची अंडी मरतात. त्यानंतर कागदी पाकीट आणि काचेची बरणी. डांबराच्या गोळ्या नकोत: वास केसांत कायमचा बसतो, आणि घरात दुसरं मांजर असेल तर त्याला त्या विषारी आहेत.

केसांचा छोटा गोळा करून ठेवायचा असेल तर आतल्या मऊ लवेचे पाचएक ग्रॅम लागतात. आत मेंढीच्या लोकरीचा गाभा घ्या आणि वर मांजराची लव सुईने टोचत बसवा. नुसत्या मांजराच्या केसांचा गोळा सुटतो.

मिशा आपोआप गळलेल्या सापडतात, अंथरुणात आणि खिडकीच्या कठड्यावर शोधा. काचेच्या नळीत ठेवा.

---

ध्वनिमुद्रक | ८ जून, संध्याकाळी ६:१५

ज्यांची मांजरं म्हातारी आहेत त्यांनी हे आजच करावं.

मांजराची गुरगुर फार खालच्या पट्टीची असते, साधारण २५ ते १५० हर्ट्झ. फोनमधलं आवाज स्वच्छ करणारं तंत्र ती पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं. व्हिडिओत गुरगुर ऐकू येत नाही ती म्हणून. साधं रेकॉर्डर ॲप घ्या, त्यात आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद करा, फाईल वेव्ह (WAV) प्रकारात साठवा. पंखा आणि फ्रिज पाच मिनिटं बंद. फोन दुमडलेल्या पंच्यावर, माईक छातीपासून चार बोटांवर. ऐकताना हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरमधून एवढा खालचा आवाज निघतच नाही. कित्येकांनी चांगली मुद्रणं ‘काही ऐकू येत नाही’ म्हणून पुसली आहेत.

फोटो: नातेवाईकांकडचे मागवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवले की आकार घटतो आणि तारीखही पुसली जाते. ४×६ इंचाच्या छपाईला १२००×१८०० बिंदू लागतात, ८×१० ला २४००×३०००. मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

काळ्या मांजराचे फोटो छापताना लॅबवाला ते उजळवतो आणि केस राखाडी दिसतात. ‘काळा काळाच ठेवा’ असं लिहून द्या.

---

पशुवैद्य_देशावरचा | ९ जून, सकाळी ८:४०

तिची भांडी, अंथरूण जपून ठेवायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर आधी हे वाचा.

पॅनल्युकोपेनियाने (मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) गेली असेल तर तो विषाणू घरात वर्षभर जिवंत राहू शकतो. साध्या साबणाने मरत नाही, फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही, आणि फिनाईल मांजरांना विषारी आहे ते वेगळंच. आधी साबणाने मळ काढा, मळ राहिला की ब्लीच निकामी होतं. मग ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिलि. घालून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने धुवा. द्रावण रोज ताजं करा. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही नको, विषारी वायू होतो. लाकडी ओरखडणी, गादी, दोरीचं खेळणं शुद्ध होत नाही, ते जाळा. त्या घरात लसीचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर आणू नका.

गजकर्णाचे बीजाणूही केसांत वर्ष-दीड वर्ष टिकतात. अशा मांजराचे केस आठवण म्हणून ठेवू नयेत. मूत्रपिंड, हृदय किंवा वयामुळे गेली असेल तर साबण आणि ऊन पुरे.

घरात दुसरं मांजर असेल, आणि आजार संसर्गाचा नसेल, तर त्याला दहा मिनिटं शरीर हुंगू द्या. काही मांजरं नंतर शोधत, ओरडत फिरतात. खाण्याकडे मात्र लक्ष ठेवा. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, दोन दिवस तर थेट दवाखाना. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं.

---

अंगणवेल | ९ जून, सकाळी १०:२५

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद प्रत्येक दवाखान्यात छापून लावायला हवा. आता झाडांबद्दल लिहिते.

पुरल्याबरोबर थेट वर रोप लावू नका. कुजताना नत्र इतकं सुटतं की कोवळी मुळं जळतात. खड्ड्याच्या कडेपासून दीड फूट बाजूला लावा, मुळं आपली आपण जातील. अगदी वरच हवं असेल तर एक वर्ष थांबा.

दहनाची राख म्हणजे खत नव्हे. ती फार विम्ल (अल्कधर्मी) आणि खारट असते. सगळी एका कुंडीत ओतली की तुळस आठ दिवसांत पिवळी पडते, आणि मग घरचे त्याला अपशकुन समजून हळहळतात. कारण फक्त राख आहे. १४ इंची कुंडीत दोन चमचे, तेही शेणखतात मिसळून महिना-दोन महिने मुरवून. उरलेली जमिनीत पसरा.

कुठलं झाड? पारिजातक, जास्वंद, मोगरा, कृष्णकमळ. घरात किंवा आवारात दुसरी मांजरं असतील तर कण्हेर, सायकस, धोतरा नको. आणि लिली! फुलवाल्याकडच्या गुच्छातली मोठी लिली किंवा डे-लिली तिच्या फोटोपुढे ठेवली आणि दुसऱ्या मांजराने पराग चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होतात. सांत्वनाला येणारे नेमके तोच गुच्छ आणतात. आपल्या बागांत पावसाळ्यात उगवणारी नाजूक गुलाबी लिली वेगळी, ती मूत्रपिंडावर जात नाही, पण तिचेही कांदे विषारी असतात. निशिगंध ही लिली नव्हे.

एक सुचवते. खोकली, म्हणजे खाजोटी, हे पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणारं साधं तण. त्याच्या मुळांच्या वासाने मांजरं वेडी होतात, लोळतात. तिच्या जागेपाशी चार रोपं राहू द्या, उपटू नका. आळीतली मांजरं तिथे येत राहतील.

---

पाथरवट_ | ९ जून, दुपारी ४:००

दगड लगेच बसवू नका. एक पावसाळा जाऊ द्या. माती अर्धा फूट खचते आणि दगड कलंडतो. नंतर चार इंच मुरूम ठोकून त्यावर बसवा.

शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे. पावसात शहाबादीचे पापुद्रे सुटतात, अक्षरं पाच-सात वर्षांत जातात. ॲसिडने धुतला तर एका दिवसात. काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट घ्या: १२×८ इंच, जाडी २० मिमी पुरे. अक्षर एक इंचापेक्षा लहान नको, खोली ३ मिमी. देवनागरीत जोडाक्षरं आणि रफार लहान आकारात तुटतात. नाव मोठ्या कागदावर लिहून, दगडावर चिकटवून, घरातल्या दोघांनी वाचल्यावरच कोरायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दगडात दुरुस्त होत नाही. नाव आणि दोन वर्षं पुरेत.

---

दादरकर_ | ९ जून, संध्याकाळी ५:३३

प्राण्याची समाधी बांधतात का, असं विचारून लोक कधीकधी घरच्यांना खजील करतात. त्यांच्यासाठी: संगम माहुलीला कृष्णाकाठी सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. आणि इजिप्तमध्ये युवराज थुटमोस याने आपल्या ता-मिउ या मांजरीसाठी चुनखडीची शवपेटी कोरून घेतली. ती नैवेद्याच्या चौरंगापुढे बसलेली अशी त्यावर कोरली आहे. त्याला सव्वातीन हजारांहून अधिक वर्षं झाली, नाव अजून वाचता येतं.

सांजवात | ९ जून, संध्याकाळी ६:१०

तिच्या नावाने काही धार्मिक करायचं तर?

अंगणवेल | ९ जून, संध्याकाळी ७:०२

मांजरासाठी वेगळा विधी नाही, पण तर्पणात ‘आब्रह्मस्तंबपर्यंतं’ म्हणतात, म्हणजे ब्रह्म्यापासून गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांची तृप्ती होवो. त्यात ती येते. सर्वपित्रीला तिचं स्मरण करून पाणी सोडायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. तेराव्याला जेवण घालायचं असेल तर आळीतल्या मांजरांना उकडलेली मासळी घाला, मीठ, कांदा, लसूण न घालता, काटे काढून. दूध नको, मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

---

लोकरवाली_मावशी | १० जून, सकाळी ११:११

उरलेल्या वस्तू देण्याबद्दल. फोडलेलं कोरडं खाणं महिना-दीड महिन्यात संपवायला हवं, लगेच द्या. मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाणं पिल्लांच्या आश्रयाला देऊ नका. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी असतात, पिल्लांची वाढ खुंटते. सलाईनच्या सीलबंद बाटल्या आणि न वापरलेल्या सुया तिच्याच डॉक्टरांकडे द्या. फोडलेलं इन्सुलिन कुणालाच नको. पिंजरा-पेटी धुऊन द्या, ती सगळ्यांनाच कमी पडते.

पैसे द्यायचे तर एका भटक्या मांजरीच्या नसबंदीचे द्या, आणि थेट दवाखान्याच्या बिलात भरा. मांजर चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि ६३-६५ दिवसांत विते, म्हणून वेळ दवडू नका. पिल्लांना पाजणारी असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबा.

काळी_माती | १० जून, दुपारी १२:२०

मायक्रोचिप असेल तर नोंदणीवाल्यांना तो पंधरा आकडी नंबर कळवून ‘मृत’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर लसीची आठवण करून देणारे संदेश वर्षानुवर्षं येत राहतात. दवाखान्यालाही सांगा.

सांजवात | १० जून, दुपारी १२:४८

आणि तिचं पाण्याचं भांडं?

अंगणवेल | १० जून, दुपारी १:०५

ब्लीच किंवा साबण, डॉक्टरांनी लिहिलंय त्याप्रमाणे. मग दारात ठेवा आणि रोज पाणी बदला. मे महिन्यात दिवसातून दोनदा.